कॉम्प्युटरचा रंग कोणता हवा?

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल आणि हमालांच्या संघटनेचे कार्यकर्ते. आई अंगणवाडी सेविका, तिची संघटना वेगळी. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आणि वाचायला शिकले ते छापील बाजूवर. त्यामुळे माझ्या बोलण्यात अजूनही दर दोन वाक्यांनी उद्गारचिन्ह येतं, असं मैत्रिणी म्हणतात. म्हणोत. ज्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही, त्यांनी पूर्णविराम वापरावेत.

या अंकाच्या संपादकांनी मला मंठ्याच्या दुकानातल्या माझ्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा ‘कॉम्प्युटर जोडणारी तालुक्यातली पहिली मुलगी’ अशा थाटाचं काहीतरी हवं होतं. ते मी लिहिणार नाही. स्क्रूड्रायव्हर धरायला कोणतंही वेगळं मनगट लागत नाही. मी रंगाबद्दल लिहिणार आहे, कारण पाच वर्षं मी रोज रंगावरूनच भांडत होते.

आधी धंदा समजून घ्या. आमच्या दुकानात कंपनीचा तयार कॉम्प्युटर कोणी घेत नसे. आम्ही तो जोडून देत असू. एक पत्र्याचा रिकामा डबा, त्याला कॅबिनेट म्हणतात. त्यात मुख्य बोर्ड बसवायचा, हार्ड डिस्क बसवायची, पंखा लावायचा, आणि भिंतीतून येणारी वीज बोर्डाला सोसेल अशी करून देणारा एक चौकोनी ठोकळा मागच्या बाजूला कसायचा. तो ठोकळा म्हणजे पॉवर सप्लाय; तो डब्याबरोबरच यायचा, ज्या त्या डब्याचा वेगळा. बाकी आतलं सामान सगळ्यांचं जवळपास सारखं. गिऱ्हाइकाला त्यातलं काही दिसत नाही आणि कळतही नाही. दिसतो तो फक्त डबा. म्हणून सगळ्या मतांचा पूर त्या डब्यावर येऊन आदळतो.

मी लागले तेव्हा डबे एकाच रंगाचे यायचे, जुन्या हस्तिदंतासारखे पिवळट. तेव्हा सुखाचे दिवस होते. नंतर एकदम काळे आले, चंदेरी आले, बाजूला काच असलेले आले, निळे दिवे लागणारे आले आणि मंठ्यात मतभेद सुरू झाले.

एका कचेरीतल्या बाबूंना उभा डबाच मान्य नव्हता. जुना आडवा डबा टेबलावर ठेवून त्यावर पडदा, म्हणजे मॉनिटर, ठेवता यायचा. उभा डबा बाजूला ठेवावा लागतो. ते म्हणाले, “मॅडम, हे बराबर दिसत न्हाई. साहेबाच्या शेजारी शिपाई उभा केल्यावाणी दिसतं.” मी म्हटलं, सगळं काम तो शिपाईच करतो. ते म्हणाले, “कचेरीतबी तसंच हाय, पण तसं दिसू द्यायचं नसतं.” त्यांना जुना आडवा डबा शोधून द्यावा लागला.

राजूरला मंदिराच्या वाटेवर पेढे आणि नारळ विकणाऱ्या एका काकांनी तर कमाल केली. त्यांनी काळा डबा नेला आणि महिन्याने मशीन घेऊन आले. अर्ध्या तासात बंद पडतं म्हणाले. पाहते तर डबा भगवा! दुकानाच्या शटरला रंग देताना उरलेला ऑइलपेंट पेंटरने डब्यालाही दिला होता, दोन हात, मन लावून. हवा जायची बारीक भोकं सगळी बुजली होती. आतलं मशीन भाजून निघत होतं. मी सुई घेऊन एकेक भोक मोकळं करत बसले आणि काका शेजारी उभे राहून सांगत होते, “जरा अलगद हो पोरी. फिनिशिंग बिघडंल.”

दुकानाचे मालक इक्बालभाई. त्यांचा नियम होता की गिऱ्हाइकाशी रंगावरून वाद घालायचा नाही. मी घालायचे. काळा रंग अशुभ म्हटलं की माझ्यातलं पत्रक जागं व्हायचं. इक्बालभाई गल्ल्यावरून हात जोडायचे. “बेटा, त्यान्ला कॉम्प्युटर पायजे, भाषण नको.”

आता सविताची गोष्ट.

परतूरजवळच्या आष्टीकडची ही मुलगी. घर धनगराचं. आजोबांनी, म्हणजे आबांनी, आयुष्य मेंढरांमागे घातलं. वडिलांनी मेंढरं कमी करून शेती धरली. सविता बारावी होऊन मराठी टायपिंग आणि छपाईसाठी पानं लावण्याचं काम शिकली होती. तिने घरात बोलणी करून वडिलांकडून एक वर्ष मिळवलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवायचा, गावातली कामं घ्यायची. वर्षभर मशीन चाललं, तिला काम मिळत राहिलं, तर लग्नाचं पुढं बघू. मशीन पडून राहिलं तर मामाने आणलेलं स्थळ पाहायचं. हा सौदा मला तिनेच सांगितला, दुकानात, स्टूलवर बसून, घरचे लोक बाहेर चहा पीत असताना. तिने आवाज अगदी खाली ठेवला होता, पण बोटं मांडीवर टाइप करत होती.

मग सगळे आत आले. आमच्याकडे कॉम्प्युटर घ्यायला माणूस एकटा येत नाही. आई, वडील, भाऊ कैलास आणि आबा, सगळे. मी चार डबे ओळीने मांडले.

आई काळ्याकडे बघून मागे सरली. “काळं नगं बाई. नवी वस्तू अन् काळी?”

“काकू, पाटी काळीच असते ना? तिच्यावरच शिकतो आपण.”

“पाटी शाळंत ऱ्हाती. हे घरात ऱ्हाणार हाय. अन् काळ्यावर कुंकू दिसत न्हाई.”

हा मुद्दा कोणत्याच पत्रकात नव्हता.

वडिलांना चंदेरी आवडला. स्टीलच्या भांड्यासारखा पुसून घेता येईल म्हणाले. कैलास काचेच्या डब्यापुढून हलत नव्हता. मी तो चालू करून ठेवला होता. आत निळे दिवे, निळा पंखा. “हाच! गावात कोणाकडं न्हाई असला. लोक दिवे बघायलाच येतील, मंग काम देतील.”

आबा इतका वेळ दाराशी उकिडवे बसले होते. ते उठले आणि एकेका डब्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले, दाबून, बोटं रुतवत. मग प्रत्येक डबा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि खाली ठेवला. शेवटी कोपऱ्यात राहिलेल्या जुन्या पिवळट डब्यापाशी थांबले. तो मी मांडलाच नव्हता. जुना माल, वर्षभर कोणी विचारला नव्हता.

“हे घ्या. ह्याच्यात वजन हाय.”

“आबा,” कैलास म्हणाला, “बकरं घ्यायला न्हाई आलो आपण.”

सगळे हसले. मीही हसले. आबा चिडले नाहीत. काचेच्या डब्याकडे हात करून म्हणाले, “ते लई हलकं हाय. लोकर दांडगी अन् खाली अंग न्हाई.”

इथे मला एक कबूल करायचं आहे. आबा बरोबर होते, आणि ते बरोबर आहेत हे त्या दुकानात फक्त दोघांना माहीत होतं, इक्बालभाईंना आणि मला. इक्बालभाई फोनवर होते. डब्याचं वजन पत्र्यात असतं आणि पॉवर सप्लायमध्ये असतं. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये तांब्याची वेटोळी असतात, उष्णता खेचायला ॲल्युमिनियमचे जाड तुकडे असतात, ते हाताला जड लागतात. हलका म्हणजे आत काटकसर केलेली. आम्ही कारागीर लोक नवा माल आला की हातावर तोलूनच बघतो. मी मोठ्या ऐटीत शिकलेली ही गोष्ट मेंढरं चारणाऱ्या माणसाने एका मिनिटात ओळखली होती.

मी बोलले का? बोलले. पण हे नाही.

मी म्हटलं, “तुम्ही सगळे मतं देताय. जिला काम करायचंय तिला कोणी विचारलं का?”

वडील जरा ओशाळले. मला फार बरं वाटलं. मी सविताकडे वळले आणि विचारलं, “तू सांग. कॉम्प्युटरचा रंग कोणता हवा?”

तिने भावाकडे एकदा पाहिलं. “तो. निळा.”

“झालं तर मग!” मी म्हटलं. माझ्या डोक्यात जणू मोर्चाच निघाला होता. मुलगी स्वतःच्या तोंडाने बोलली होती. आता त्यावर पॉवर सप्लायचं काही बोलणं म्हणजे पुन्हा कोणीतरी तिच्या वरचढ होणं, असं मला वाटलं. निदान तसं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला माझं जिंकलेलं वाक्य खराब करायचं नव्हतं. मी निळा डबा बांधून दिला. आबांनी जाताना पिवळट डब्यावर एक थाप मारली.

दीड महिन्याने दुकानात फोन आला. सविता एसटीडी बूथवरून बोलत होती.

“ताई, लाईट गेल्ती. आली तवा फाट् असा आवाज झाला अन् वास सुटला. आता काहीच लागत न्हाई. दिवेबी न्हाई.”

आष्टीकडे वीज गेली की परत येताना अशी उसळून यायची की बल्ब फुटायचे. चांगला पॉवर सप्लाय तो दणका स्वतः सोसतो. हलका सोसत नाही, पुढे ढकलतो.

“काम होतं का आत?”

“शाळेची स्मरणिका. साठ पानं झाल्ती ताई. फक्त शेवटलं पान राह्यलंय. हेडमास्तर सोमवारी न्यायला येणार हायेत.” मग म्हणाली, “मामानं ऐकलं मशीन बंद पडलं म्हणून. रविवारी पाहुणे येऊन राह्यलेत.”

मी फोन ठेवला आणि इक्बालभाईंना सगळं सांगितलं. आबांनी डबा तोलला होता, मला कळलं होतं आणि मी बोलले नव्हते, तेही. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “माल आपला, खराबी आपली. नवा बोर्ड घे, अन् डब्बा तो घे.” त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “बुढ्ढे ने पसंद किया था ना? अब पहुंचा दे.”

रविवारी सकाळी तो पिवळट डबा लाल चादरीत बांधून मी एसटीत बसले. मांडीवर धरला होता. कंडक्टरने वाकून पाहिलं. “टीव्ही का?” मी नाही म्हटलं. “मंग देव हाय का?” त्यालाही नाही म्हटलं, तेव्हा त्याने माझी आशा सोडली आणि तिकीट फाडलं. परतूरला गाडी बदलली. मांडी बधिर झाली होती. वजन होतं खरंच.

सविताच्या घरी पुढची खोली सारवलेली, सतरंजी टाकलेली. त्याच खोलीत टेबलावर तो काचेचा डबा, काळवंडलेला. पाहुण्यांनाही त्याच खोलीत बसवायचं होतं. आई आतून म्हणाली, “किती येळ लागंल? ते लोक दुपारपातुर येतील.”

मी चादर सोडली. कैलास म्हणाला, “हा तर आबाचा डबा.” आबा दारातच बसले होते. दोन शब्द बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी काचेचा डबा उघडला. पॉवर सप्लाय जळालेला, बोर्डावर काळा डाग. बोर्ड गेला होता. हार्ड डिस्क जिवंत आहे की नाही ते जोडल्याशिवाय कळणार नव्हतं. सविता माझ्याजवळ जमिनीवर बसली, स्क्रू बशीत गोळा करत. कैलास बॅटरीचा उजेड धरून होता. थोड्या वेळाने त्याला मी वायर आणायला पाठवलं आणि सविताला विचारलं.

“तुला खरंच तो निळा आवडला होता?”

“दिवे कैलासला आवडले व्हते.” ती स्क्रू निवडत म्हणाली. “कागद आणायचे, छापून झालेलं पोचवायचं, सगळं तोच करतो मोटरसायकलवर. तो नाराज झाला तर माझं काम कसं चालंल?”

“मग मी विचारलं तेव्हा तुझ्या मनातलं बोलायचं ना.”

“तुम्ही रंग विचारला ताई. मी रंग सांगितला.” तिच्या आवाजात राग नव्हता. “आत काय असतं ते मला कुठं ठाव व्हतं? आबा जड-हलकं का म्हणून राह्यले तेबी कळलं न्हाई. तुम्हाला ठाव व्हतं का?”

“होतं,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “मंग सांगायचं ना.”

एवढंच. मी आयुष्यात मोठमोठी भाषणं ऐकली आहेत, काही दिली आहेत. पण मला कोणी इतकं सरळ झापलेलं आठवत नाही. मी तिला निवडीचा हक्क दिला म्हणून मिरवत होते, आणि निवडायला जे लागतं ते खिशात ठेवलं होतं. पत्रकवाल्यांनो, मी आपल्यातलीच आहे म्हणून सांगते, ही चूक आपण फार करतो. माणसाला विचारतो, त्याचं उत्तर टाळ्या वाजवून ऐकतो, आणि त्याच्यापासून काय लपलं ते सांगत नाही.

त्यानंतर दुकानात मी गिऱ्हाइकापुढे डबा उघडल्याशिवाय विकला नाही. पॉवर सप्लाय बाहेर काढून हातात द्यायचे, जड आणि हलका, दोन हातांत दोन. माणसं गंभीर चेहऱ्याने तोलायची. मग रंगावर भांडायची, खुशाल. इक्बालभाई म्हणायचे, ही पोरगी दुकान नाही, वजनकाटा चालवते.

पण ते नंतर. त्या रविवारी मी बोर्ड बसवत होते तेव्हाच अंगणात चपलांचा आवाज झाला. पाहुणे लवकर आले होते. मामा, मुलाचे वडील आणि त्यांचे भाऊ. सतरंजीवर माझी हत्यारं पसरलेली, मध्ये उघडा डबा, त्यात कोपरापर्यंत हात घातलेली मी. मामांचा चेहरा उतरला. पाहुणे भिंतीला टेकून बसले, आमच्यापासून दोन हातांवर.

आई आतून हाक मारत होती. “सविता, ये ना आत. साडी नेस.”

“आले,” सविता म्हणाली आणि हलली नाही.

मी हार्ड डिस्कची वायर लावली. वीज होती. बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, थांबली, आणि मग मी मेले असं वाटायच्या आत पुढे सरकली. हार्ड डिस्क जिवंत होती. सविताने माझ्या हातातून माऊस घेतला. फाइल उघडली. एक, दोन, वीस, चाळीस, साठ. मधलं एकही पान गेलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं, हेडमास्तरांच्या हस्ताक्षरातला कागद पडद्याशेजारी टेकवला आणि शेवटचं पान टाइप करायला सुरुवात केली.

खोलीत फक्त कीबोर्डचा आवाज. आई दारात आली, पदराला हात पुसत, आणि तिथेच थांबली. आबा उंबऱ्यावर. सविताचे वडील पाहुण्यांशेजारी बसलेले, मान खाली. मला वाटलं, आता ते तिला उठवणार. उठवलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं.

मुलाच्या वडिलांनी थोडा वेळ पाहिलं. माणूस सभ्य होता, आवाजात कुत्सितपणा नव्हता. “काय करून राह्यली पोरगी?”

“शाळेचं पुस्तक हाय,” सविताचे वडील म्हणाले. “साठ पानं झालीत. हेडमास्तर उद्या न्यायला येतेत.” हे सांगताना त्यांची मान वर आली. साठ हा आकडा त्यांना कधी कळला होता कोण जाणे.

“मंग होऊ द्या की. बसतो आम्ही. किती येळ लागंल?”

वडिलांनी सविताकडे पाहिलं. सविताची बोटं थांबली. तिने मागे वळून पाहुण्यांकडे नाही, वडिलांकडे पाहिलं.

“वरीस,” ती म्हणाली.

मुलाचे वडील हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मामांनी डोळे मोठे केले. सविता वळून पुन्हा टाइप करू लागली, आधीपेक्षा हळू, एकेक अक्षर.

तिचे वडील हसले नाहीत. त्यांनी आईकडे बघून चहाची खूण केली आणि पाहुण्यांकडे वळले.

“वरसाचा शब्द दिलाय म्या तिला,” ते म्हणाले. “अन् मशीन चालू हाय. तुम्ही आलेच हात तर चहा घ्या.”